सुधाच्या नाकाने

ग्लास हातात आला की भाऊजी तो आधी खिडकीकडे धरायचे. एक डोळा मिटायचे, मान जराशी तिरपी करायचे, आणि टेबलाभोवतीच्या कुणी घाईने घोट घेऊ पाहिला तर त्याला हाताने थांबवायचे. "घाई नाही. आधी उजेड."

मग ग्लास नाकाशी जायचा. दोन्ही डोळे मिटायचे. आम्ही सगळे गप्प. देवळात कौल लावल्यावर असतो तसे गप्प. आणि मग एकेक शब्द बाहेर यायचा. "लवंग." थोडं थांबून, "पिकायला आलेलं केळं." आणखी थांबून, "आणि मागे… सुपात पाखडलेला गहू."

मुलांनो, तुम्हाला ते 'ग्लासवाले आजोबा' म्हणून आठवत असतील. तुम्ही मेलबर्नहून आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला सफरचंदाचा रस उंच पायाच्या ग्लासात ओतून दिला होता, आणि तोसुद्धा आधी उजेडात धरायला लावला होता. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते आता आपल्याकडे का येत नाहीत. "व्हँकुव्हरला गेले," एवढंच मी म्हटलं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. म्हणून लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल.

भाऊजी मूळचे नागपूरचे, तुमच्या आजोबांचे जुने मित्र. इथे कॅनडातच, विंडसरला मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात तपासनीस होते. गाडी रंगून बाहेर आली की ती डोळ्यांनी तपासायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको सुधा ग्वेल्फला, आमच्या समोरच्या घरात राहायला आले. आजोबांनी हौसेने नवी करडी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि भाऊजींनी गाडीभोवती एक फेरी मारून सांगितलं, "छान आहे. फक्त हे दार दुसऱ्या दिवशी रंगवलंय." तेव्हापासून आजोबांना ते दार वेगळं दिसतं. मला अजून दिसत नाही.

सुधा होती तोवर दोघं दर वसंतात बेल्जियमला जायची. लोक पॅरिस करतात, स्वित्झर्लंड करतात. ही दोघं बेल्जियमच्या खेड्यांतून हिंडायची, कारण तिथे खेडोपाडी बिअर गाळणारी घराणी आहेत, आणि प्रत्येकाच्या अंगणाला लागून चव घेण्यासाठी एक छोटं कॅफे असतं. "ब्रसेल्स पाहिलं का?" असं कुणी विचारलं की भाऊजी म्हणायचे, "पाहिलं तर. तिथे गाडी बदलावी लागते." सुधा पक्की शाकाहारी, बिअरचा थेंबही न घेणारी. ती हसत बाजूला बसायची.

सुधा गेली आणि बेल्जियम थांबलं. "दोघांचं तिकीट काढायची सवय झालीय, वहिनी," एवढंच ते बोलले. पण वर्षभराने त्यांना जवळचं एक ठिकाण सापडलं. आपल्या ग्वेल्फच्या दक्षिणेला जुना तंबाखूचा पट्टा आहे. तिथे पूर्वी बेल्जियमहून आलेल्या शेतकऱ्यांनी तंबाखू पिकवला. आता तंबाखू जवळजवळ गेला. त्यांच्यातल्याच एकाची नात, ग्रीत नावाची, स्वतःच्या आजोबांच्या तंबाखू वाळवायच्या शेडमध्ये बेल्जियन पद्धतीची बिअर करते आणि पुढच्या खोलीत कॅफे चालवते. महिन्यातून एकदा आम्ही तिघं तिकडे जायला लागलो. आजोबा गाडी चालवायचे, म्हणून ते एकच छोटा ग्लास घ्यायचे. मी जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा.

मला तिथे बसायची लाज वाटायची, हे सांगून टाकते. आम्ही ज्या घरात वाढलो तिथे बाटली या शब्दाचा अर्थ औषधाची बाटली. पहिल्या खेपेला मी खांबाआडची खुर्ची निवडली, भिंतीकडे तोंड करून. मराठी मंडळातल्या कुणी पाहिलं तर?

"अगं, इथे मंडळातलं कोण येणार?" आजोबा म्हणाले. "आणि आलंच, तर ते काय सांगणार? की आपण स्वतः तिथे कशाला गेलो होतो?"

भाऊजी मात्र त्या खोलीत घरच्यासारखे वावरायचे. बेल्जियन रिवाज असा की प्रत्येक बिअरला तिचा ठरलेला ग्लास. गडद, गोडसर बिअर रुंद तोंडाच्या जाड पायाच्या पेल्यात. सोनेरी बिअर पोटाकडे फुगलेल्या ग्लासात. आंबट बिअर उंच, सडपातळ ग्लासात. एकदा नवीन मुलीने सोनेरी बिअर साध्या ग्लासात आणली तर भाऊजींनी ती गोड बोलून परत पाठवली. आजोबा म्हणाले, "अरे, पोटात गेल्यावर तिला काय कळणार आहे?"

"तुझ्याकडे सत्यनारायणाचं तीर्थ चहाच्या कपात देतात का?" भाऊजी म्हणाले.

मी नोकरी केली ती इथल्या विद्यापीठाच्या अन्नशास्त्र विभागात, चव आणि वास तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. माणसांना लहान कप्प्यांत बसवून, कपांवर नुसते आकडे घालून, काय लागतंय ते विचारायचं. कप्प्यांत लाल दिवा असायचा, म्हणजे पदार्थाचा रंग दिसू नये. कारण डोळे नाकाच्या आधी उत्तर देतात, आणि माणसाला वाटतं की आपल्याला वास आला. हे मी किती विद्यार्थ्यांना शिकवलं असेल. तरी भाऊजी ग्लास पाहिल्याशिवाय कधी एक शब्द बोलत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला एक हिवाळा जावा लागला.

संक्रांतीच्या सुमारास मी तिळाच्या वड्या द्यायला समोर गेले. रस्ता ओलांडतानाच करपल्याचा वास आला. दार उघडंच होतं. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि स्वयंपाकघर धुरकटलेलं.

"भाऊजी, दूध!"

"कुठे?" ते म्हणाले. आणि माझा चेहरा पाहून धावले.

भांडं काळं ठिक्कर पडलं होतं. त्यांनी शेगडी बंद केली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. तसेच पाठमोरे म्हणाले, "वास येऊन राहिला होता का?"

"रस्त्यापर्यंत."

मग त्यांनी सांगितलं. नाक विंडसरमध्येच गेलं होतं. रंग, थिनर, आणि तरुणपणी मास्क न लावायची ऐट. एकदा सर्दी झाली असं वाटलं आणि ती सर्दी कधी गेलीच नाही. ही गोष्ट फक्त सुधाला ठाऊक होती. बेल्जियममध्ये ग्लास आला की तो आधी सुधापुढे जायचा. ओठ न लावता ती हुंगायची आणि हळूच मराठीत सांगायची. भाऊजी तेच इंग्रजीत मोठ्याने सांगायचे. ते गाळणारे बेल्जियन चकित होऊन मालकाला बोलावून आणायचे.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता ग्लास पाहिला की आठवतं. या ग्लासात ती काय म्हणाली होती, ते." मग ते वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "वहिनी, कुणाला सांगू नका. निखिलला कळलं तर तो मला उचलून व्हँकुव्हरला नेईल. घर विकेल. आणि लोक… लोक हसतील हो."

निखिल म्हणजे त्यांचा मुलगा. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या आजोबांना सांगितलं, पण ते सांगणं धरायचं नसतं. त्याच आठवड्यात मी भाऊजींना शिट्टी वाजवणारं दुधाचं भांडं आणून दिलं आणि आजोबांनी छताला धुराचे नवे अलार्म लावून दिले. भाऊजींनी आभार मानले नाहीत. फक्त भांडं वापरायला लागले.

त्यानंतर ग्रीतकडे जाणं वेगळंच झालं. भाऊजी डोळे मिटून "सुपात पाखडलेला गहू" म्हणाले की मला हसू यायचं. या माणसाला तुरीची डाळ आणि हरभऱ्याची डाळ ओळखू येत नव्हती. सूप त्यांनी नागपूर सोडल्यावर पाहिलं नसेल. "पहिल्या पावसात गोठा", "दिव्यातली विझलेली वात", "धुतलेल्या तांदळाचं पाणी" हे सगळं बोलत होती ती सुधा. आम्ही तिघं बसायचो, पण टेबलाशी चौथं माणूस असायचं. फक्त भाऊजींनी तिचं नाव कधी घेतलं नाही. शब्द आपले म्हणूनच सांगितले. त्यात खोटेपणा होता का? असेल. मला तो हट्टाने जपावासा वाटला.

शरदात मंडळाने पानांचे रंग पाहायला बसची सहल काढली. मंडळाचा सेक्रेटरी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, उत्साही मुलगा. त्याला कुठून तरी ग्रीतच्या कॅफेची माहिती मिळाली. "काका, तुम्ही तिथले रेग्युलर ना? मग आम्हाला टेस्टिंग तुम्हीच द्यायचं. म्हणजे एकेक बिअर एक्सप्लेन करायची."

भाऊजी इतके खूश झालेले मी सुधा गेल्यापासून पाहिले नव्हते. नवा स्वेटर आणला. केस कापून आले. आदल्या दिवशी आमच्याकडे येऊन उगाच वर्तमानपत्र चाळत बसले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्याजवळ बसाल ना?"

मी म्हटलं, "खांबाआड बसते नेहमीसारखी."

"उद्या नका बसू."

दिवस ढगाळ होता. बसभर माणसं कॅफेत शिरली. ग्रीतची एवढ्यांची तयारी नव्हती. ग्लास कमी पडायला लागले, ती आणि तिची मुलगी धुऊन धुऊन आणत होत्या. भाऊजी मधल्या टेबलापाशी उभे. सोनेरी बिअर झाली, लवंग आणि केळं झालं, टाळ्या झाल्या. मंडळातल्या बायका मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही पण? वा!" आणि मी जिंजर एलचा ग्लास उंच धरून सगळ्यांना दाखवला.

मग ग्रीतने घाईघाईत रुंद तोंडाचा पेला आणून भाऊजींच्या हातात दिला. आत गडद, तांबूस काळी बिअर. भाऊजींनी ती खिडकीकडे धरली. खिडकीत उजेड असा नव्हताच. मग त्यांनी पेला नाकाशी नेला, आणि शेजारी बसलेल्या मला वास आला.

आंबट. स्पष्ट, टोकदार आंबट.

पेला गोड बिअरचा होता आणि आत दुसरीच बिअर होती. मी त्यांचा स्वेटर ओढायला हवा होता, खोकायला हवं होतं. भाऊजींनी डोळे मिटले होते.

"काकवी," ते म्हणाले. "भिजवलेल्या मनुका. आणि मागे… अगदी मागे… लवंग."

"वा, काका!" सेक्रेटरी म्हणाला.

मग भाऊजींनी घोट घेतला. नाक गेलं तरी जिभेला आंबट, गोड कळतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. घोट तोंडात तसाच राहिला. मग गिळला. त्यांनी पेला टेबलावर ठेवला, ओठ पुसले आणि एक हात वर केला. "मंडळी," ते म्हणाले, "एक सांगायचं आहे…"

त्यांना पुढे बोलू द्यायला हवं होतं. मी तो पेला उचलला. परपुरुषाचा उष्टा पेला, तोही बिअरचा, अख्ख्या मंडळासमोर. मी मोठा घोट घेतला आणि प्रयोगशाळेत निकाल सांगायची त्या आवाजात म्हटलं, "बरोबर आहे. काकवी. मनुका. लवंग. अगदी बरोबर."

भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात ग्रीत ओल्या हातांनी धावत आली. "सॉरी, सॉरी! उंच ग्लास संपले म्हणून मी आंबटवाली यात ओतली. तुम्ही ओळखलीच असेल म्हणा!"

सेक्रेटरीने पेला उचलून हुंगला. "काकवी? काका, हे तर व्हिनेगर आहे!"

"आणि काकूंनी तर शिक्कामोर्तब केलं!" मागून एक बाई म्हणाल्या.

हशा झाला. वाईट हसू नव्हतं ते. दिवाळीच्या फराळाला जमल्यावर हसतात तसंच. भाऊजीही हसले, सगळ्यांच्या नंतर थांबले. मी हसू शकले नाही. माझ्या जिभेवर ती आंबट चव तशीच होती आणि कान तापले होते. पुढची बिअर सेक्रेटरीने स्वतःच समजावून सांगितली, फोनवर वाचून.

परतताना भाऊजी ड्रायव्हरच्या मागे एकटे बसले. बसमधून उतरल्यावर आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी थांबले. आजोबा कुलूप काढायला पुढे गेले होते.

"वहिनी, तुम्ही कशाला?" ते म्हणाले. रागाने नाही. "मी सांगणारच होतो."

आणि ते रस्ता ओलांडून गेले.

आत गेल्यावर आजोबांनी विचारलं, "कशी होती?"

"आंबट."

"मग ठीक. निदान जीभ तरी खरं बोलली." आणि माझं तोंड पाहून त्यांनी पुढचा विनोद गिळला.

त्यानंतर भाऊजी ग्रीतकडे आले नाहीत. "पाय दुखतो," "टीव्हीवर मॅच आहे," "पुढच्या खेपेला." मंडळाच्या दिवाळीत एकीने मला सरबत देताना विचारलं, "काकू, यात काकवी आहे का हो?" मी हसले. भाऊजी आलेच नव्हते, ते बरं झालं. पुढे आम्हाला कळलं की नाकाचं त्यांनी निखिलला स्वतःच फोन करून सांगितलं. सहलीनंतर लगेच. निखिल आला, स्वयंपाकघर पाहिलं, डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आणि समोर विक्रीची पाटी लागली. ज्याची त्यांना भीती होती ते सगळं झालं, आणि सरळ त्यांच्या हातून झालं.

जायच्या आधी मी दोघांना जेवायला बोलावलं. निखिलला सामानवाल्यांनी अडकवलं, म्हणून भाऊजी एकटेच आले. वांग्याची भाजी माझ्या हातून तळाला लागली. वरची वरची काढून वाढली.

"छान झालीय," भाऊजी म्हणाले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, "लागलीय का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा लवकर भाताकडे वळला." त्यांनी आजोबांकडे बोट दाखवलं. "मग सांगायचं ना, वहिनी. छान तर सगळेच म्हणतात."

आजोबा ताक आणायच्या निमित्ताने उठले. मी म्हटलं, "भाऊजी, माझं चुकलं त्या दिवशी."

"चुकलं तर." त्यांनी भाताचा घास घेतला. "पण उष्टं प्यायलात हो तुम्ही. सगळ्यांसमोर. माझ्यासाठी सुधानेसुद्धा प्यायलं नसतं."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही पदराआड गेलं.

"आता नीट सांगा," ते म्हणाले. "त्या पेल्यात होतं काय? वास कसला होता?"

मी डोळे मिटले. इतकी वर्षं लोकांना विचारत आले, मला कुणी विचारलं नव्हतं. "कैरीच्या लोणच्याची जुनी बरणी," मी म्हटलं. "लोणचं संपल्यावर खार उरतो ना, झाकण उघडल्यावर येतो तो. त्याखाली ओलं लाकूड. आणि संपता संपता गर काढून टाकलेली चिंच."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "सुधा आंबटवाली कधी हुंगत नव्हती," ते म्हणाले. "नको म्हणायची, दात आंबतात. म्हणून ती मला ठाऊकच नव्हती." मग ओठांतल्या ओठांत म्हणाले, "लोणच्याची बरणी. ओलं लाकूड. चिंच."

आता समोरच्या घरात एक तरुण कुटुंब आहे. त्यांनी दार निळं रंगवलं आहे. अंगणात मुलांची उड्या मारायची जाळी आहे.

गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. "काकू, एक गंमत सांगतो. इथे एका ब्रुअरीत बाबांना घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने ग्लास दिला तर बाबा तिला म्हणाले, 'मला वास येत नाही. कारखान्यात नाक गेलं. तूच सांग.' तीही बिचारी सांगायला लागली. सफरचंद म्हणाली, मध म्हणाली. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, 'माझी बायको असती तर वेगळं काही म्हणाली असती.' आणि तिची गोष्ट सांगत बसले, मागे रांग लागली तरी. मी तर ऐकतच राहिलो. हे मला कधीच ठाऊक नव्हतं."

मंडळासमोर हात वर करून भाऊजींनी जे वाक्य सुरू केलं होतं, आणि जे मी पुरं होऊ दिलं नाही, ते त्यांनी तिकडे एका अनोळखी मुलीला सांगितलं. आणि त्यात सुधाचं नाव होतं.

"बाबा इथेच आहेत," निखिल म्हणाला. "देऊ?"

"आत्ता नको रे," मी म्हटलं. "दारात कुणीतरी आलंय."

दारात कुणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले.